आरशातल्या बायका आणि दाढीला रेशमी दोरी

हेडफोन लावले असतील तर आज फोन खिशात टाकू नका, हातात ठेवा. आज एक चित्र बघायचंय. आणि जे ऐकण्याऐवजी इथे वाचतायत त्यांच्यासाठी सांगतो, बोललो तसंच लिहिलंय, फक्त माझे 'अं' आणि 'म्हणजे ना' कमी केलेत.

चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, पण चित्र चिनी आहे आणि फार जुनं. रेशमावर काढलेलं. त्यातला एक प्रसंग असा: जमिनीवर चटया अंथरल्यात. एक बाई आरशासमोर बसलीय, आरसा छोट्या स्टँडवर उभा केलाय, आणि तिच्या मागे उभी राहून दुसरी एक मुलगी तिचे लांब केस विंचरतेय. शेजारीच आणखी एक बाई बसलीय, तिच्या हातात गोल आरसा आहे. ही बाई आपल्याकडे पाठ करून बसलीय, त्यामुळे तिचा चेहरा आपल्याला थेट दिसत नाही. दिसतो तो आरशात. आजूबाजूला जमिनीवर डबे मांडलेत, काही उघडे, काही झाकलेले. बस. भिंती नाहीत, खिडकी नाही, पडदे नाहीत. मागे नुसतं मोकळं रेशीम.

लग्नघरात सकाळी दहा वाजता आतल्या खोलीचं दार चुकून उघडलं की जे दिसतं, तसंच काहीसं. फक्त हे सगळं साधारण दीड हजार वर्षं जुनं आहे.

आता या प्रसंगाच्या बाजूला उभ्या ओळींत मजकूर लिहिलाय. त्याचा मतितार्थ असा, की चेहरा कसा सजवायचा हे सगळ्यांना कळतं, पण स्वभाव कसा सजवायचा हे कोणालाच कळत नाही. स्वभावाला कोरा, तासा, घासा, म्हणजे माणूस सुधारेल.

वाचून तुम्हाला काय वाटलं? मला सांगू का, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते पटलं होतं. छान वाटलं होतं. व्हॉट्सअॅपवर सकाळी सहाला, गुलाबाच्या फोटोवर लिहून येतं ना, त्या जातीचं वाक्य आहे हे. त्याला नाही कोण म्हणणार? पण नंतर एक प्रसंग आठवला आणि त्या वाक्यावरचा माझा विश्वास जरा हलला.

आधीच्या एका कंपनीतली गोष्ट. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, बहुतेकांच्या कंपनीत हे झालंच असेल. रात्री रिलीज होतं. सगळे कॉलवर. आमच्या टीममधली एकजण दोन मिनिटं उशिरा आली, कॅमेरा चालू केला. आणि आमचे लीड म्हणाले, झाला का मेकअप? थोडा वेळ कोडलाही देत जा. सगळे हसले. मीही हसलो. तिने काही उत्तर दिलं नाही, तिचा मॉड्यूल त्या रात्री पहिल्याच फटक्यात पास झाला, आणि त्यानंतर मी कंपनी सोडेपर्यंत तिचा कॅमेरा कधी चालू दिसला नाही.

यातली खरी गंमत मी आज पहिल्यांदा कबूल करतोय. त्या कॉलवर माझ्या व्हिडिओमध्ये चेहरा गुळगुळीत करणारं सेटिंग चालू होतं. कायम चालूच असायचं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गायब, कातडी एकदम मुलायम. त्यावर मला कोणी काही बोललं नाही.

तर हे डोक्यात ठेवून मी त्या चिनी चित्राकडे परत गेलो आणि विचारलं, हे वाक्य लिहिलं कोणी? आणि कोणासाठी?

लिहिणाऱ्याचं नाव जांग ह्वा. जन्म इसवी सन २३२, मृत्यू ३००. चीनवर तेव्हा जिन घराण्याचं राज्य, राजधानी लुओयांग. जांग ह्वा कवी होता, मोठा विद्वान होता, आणि दरबारातला अगदी वरचा मंत्री होता. परंपरेनुसार २९२ साली त्याने हा लेख लिहिला. जनानखान्यातल्या स्त्रियांना शिस्त शिकवणारी एक अधिकारी बाई असायची, तिच्या तोंडी त्याने हा उपदेश घातलाय. म्हणजे लिहितोय पुरुष, आवाज बाईचा. आपल्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या लॉगिनने पोस्ट टाकली.

असं का केलं? कारण ज्या बाईला उद्देशून हे होतं, तिला तोंडावर बोलण्याची कोणाची टाप नव्हती. ती होती सम्राज्ञी, जिया नानफंग.

हिची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते. तिचा नवरा सम्राट ह्वेइ. त्याची बुद्धी बेताची होती असं इतिहास सांगतो. त्याच्याबद्दलची एक गोष्ट चीनमध्ये आजही म्हणीसारखी वापरतात. दुष्काळात लोक तांदळावाचून मरतायत असं त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मग मांसाची पेज का नाही खात? असा नवरा गादीवर बसला २९० साली. पुढच्याच वर्षी जियाने दरबारातला सगळ्यात ताकदवान गट उलथवला, आणि ३०० सालापर्यंत प्रत्यक्षात राज्य तिने चालवलं. हात रक्ताने माखलेले होते, यात शंका नाही. थोरल्या राजमातेला तिने कैदेत टाकलं, तिथे ती उपासमारीने गेली. सवतीच्या मुलाला, म्हणजे युवराजाला, तिने आधी पदावरून काढलं आणि मग मारवलं.

आता गंमत बघा. हिच्यावरचा आरोप काय असायला हवा? खून, कट, सत्तेची हाव. मोठी यादी होईल. पण तिच्याबद्दलची जी अधिकृत हकीगत आपल्यापर्यंत आलीय, ती सुरू कुठून होते? तिच्या रूपापासून. जिन घराण्याचा अधिकृत इतिहास लिहून पूर्ण झाला ६४८ साली, म्हणजे ती मेल्यावर साडेतीनशे वर्षांनी. त्यात एक प्रसंग आहे. युवराजासाठी मुलगी बघणं चाललंय. दोन स्थळं आलीत. सासरेबुवा, म्हणजे तेव्हाचा सम्राट वू, तुलना करतो: त्या घरच्या मुली स्वभावाने चांगल्या, मुलंबाळं भरपूर होणाऱ्या, देखण्या, उंच आणि गोऱ्या. या घरच्या मत्सरी, मुलं कमी होणाऱ्या, कुरूप, बुटक्या आणि काळ्या.

उंच आणि गोरी! रविवारच्या पेपरातल्या वधू-वर पानावर हे वाक्य जसंच्या तसं छापलं तरी कोणाला कळायचं नाही, की ते सतराशे वर्षांपूर्वीच्या लुओयांगमधलं आहे.

आणि तरी लग्न हिच्याशीच झालं, २७२ साली. कारण हिचे वडील वजनदार होते, राणीकडून वशिला लावला गेला होता. म्हणजे इतिहासकाराने तिला काय दिलं? कुरूप असल्याचा शिक्का. आणि जांग ह्वाने काय दिलं? चेहरा सजवू नकोस, स्वभाव सजव. दोन्हीकडून चेहराच.

पण थांबा. जांग ह्वाला मी सरळ खलनायक करून टाकणार नाही, कारण माणूस इतका सोपा नाही. तोच अधिकृत इतिहास सांगतो, की जिया कितीही क्रूर असली तरी जांग ह्वाचा मान ठेवून होती. आणि हा माणूस वेड्या राजाच्या आणि खुनशी राणीच्या मधे बसून जवळपास दहा वर्षं कारभार चालवत राहिला. युवराजाच्या विरोधात कट शिजला तेव्हा भर दरबारात हरकत घेणाऱ्यांत तो होता. मला वाटतं, तो उपदेश म्हणजे त्याच्या हातात असलेलं एकमेव हत्यार होतं. 'खून करू नका' असं राणीला लिहून देता येत नव्हतं. 'आरशात कमी बघा' असं लिहिता येत होतं. लहान तक्रार पुढे करून मोठी तक्रार मागून सरकवायची, ही युक्ती ऑफिसात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत असते.

शेवटी ३०० साली सिमा लुन नावाच्या एका राजपुत्राने उठाव केला. त्याने आधी जांग ह्वाला आपल्या बाजूला ओढायचा प्रयत्न केला होता, तो नाही म्हणाला होता. जियाला सोन्याची पूड घातलेली दारू पाजून मारलं. जांग ह्वाचा शिरच्छेद झाला. उपदेश देणारा आणि जिला दिला ती, दोघंही एकाच उठावात संपले. त्यानंतर राजपुत्र आपापसात भिडले, आणि ३११ साली उत्तरेकडून आलेल्या सैन्याने लुओयांग लुटलं. दरबारातले उरलेसुरले लोक दक्षिणेला पळाले आणि आजच्या नानजिंगला नवी राजधानी झाली. तिकडे आपण जाणार आहोतच. पण त्याआधी दाढी.

शीर्षकात दाढी का, हा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल. त्याच अधिकृत इतिहासात लू युन नावाच्या एका तरुण साहित्यिकाची माहिती येते. हा हसरा माणूस, एकदा हसायला लागला की थांबता येत नसे. तो आणि त्याचा भाऊ दक्षिणेतून लुओयांगला आले. मोठ्या भावाने त्याला लगेच जांग ह्वाकडे नेलं नाही. का? तर म्हणाला, याला हसण्याचा आजार आहे. पुढे भेट झाली. आणि जांग ह्वाला बघताच हा खो-खो हसत सुटला, आवरता आवरेना. कारण जांग ह्वाला नटण्यामुरडण्याची हौस होती, आणि तो आपल्या दाढीला रेशमी दोऱ्या गुंडाळून ठेवायचा.

मी हे वाचलं आणि खुर्चीत मागे रेललो. चेहरा सजवण्यापेक्षा स्वभाव सजवा, असं लिहिणारा माणूस, दाढीला रेशमी दोरी!

आणि हा काही एकटा नव्हता. त्याच्या आधीच्या पिढीत हे यान नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला, २४९ साली मारला गेला. रंगाने इतका गोरा, की सम्राटाला संशय आला, हा पावडर लावतो. म्हणून भर उन्हाळ्यात त्याला कढत रश्श्यातलं उकडलेलं पीठ खायला दिलं. आपल्या वरणफळांचा लांबचा भाऊ समजा. तो घामाघूम झाला, बाहीने तोंड पुसलं, आणि चेहरा आणखीनच उजळ दिसायला लागला. म्हणजे पावडर नव्हती, असं ही गोष्ट सांगते. पण दुसरी एक जुनी नोंद याच्या बरोब्बर उलट सांगते: पावडरीचा डबा याच्या हातातून कधी सुटत नसे, आणि रस्त्याने चालताना हा स्वतःच्याच सावलीकडे बघत चालायचा. खरं काय ते आता ठरवता येणार नाही. पण एक गोष्ट दोन्ही कथांत सारखी आहे. त्या काळच्या वरच्या वर्गात पुरुषाने पावडर लावणं ही शक्य कोटीतली गोष्ट होती. नाहीतर सम्राटाला संशय आलाच नसता.

पुरुषांच्या या सगळ्या नट्टापट्ट्याचं काय झालं? तो गमतीदार किस्सा झाला. बायकांच्या नट्टापट्ट्याचा झाला उपदेश, आणि पुढे शतकानुशतकं तो जपून ठेवला गेला. किस्सा आणि उपदेश, एवढाच फरक. आमच्या त्या कॉलवर माझा फिल्टर किस्साही झाला नाही.

बरं. आता चित्रकाराकडे येऊ.

जांग ह्वा गेल्यावर काही दशकांनी दक्षिणेत एक चित्रकार जन्मला, साधारण ३४४ साली. इंग्रजीत त्याचं आडनाव आज जसं लिहितात, तसं मी मराठीत उच्चारलं तर तुमच्यातले निम्मे पुढचा भाग ऐकणार नाहीत, नुसते हसत बसतील. त्यामुळे इंग्रजांच्या जुन्या पद्धतीने म्हणतो: कू खायजी. चिनी चित्रकलेत याचं नाव अगदी आद्य पुरुषासारखं घेतात. जांग ह्वाच्या उपदेशावर बारा प्रसंगांचं हे चित्र त्याने काढलं असं परंपरा मानते. लंडनमधलं चित्र त्याच्या स्वतःच्या हातचं नाही, नंतरच्या कुणा तयार हाताने केलेली नक्कल आहे, यावर आज बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. नक्कल कधीची, यावर वाद आहे. पाचव्या-सहाव्या शतकापासून आठव्यापर्यंतच्या तारखा सांगितल्या जातात. बारापैकी पहिले तीन प्रसंग गळालेत, नऊ उरलेत. आरशाचा प्रसंग मूळ क्रमात सातवा.

हे चित्र बघायची पद्धत तुमच्या एकदम ओळखीची आहे. गुंडाळी असते. उंची जेमतेम २४-२५ सेंटीमीटर, लांबी साडेतीन मीटरच्या आसपास. उजव्या हाताने गुंडाळायचं, डाव्या हाताने उलगडायचं, एका वेळी हातभर दिसतं, मग पुढे सरकायचं. म्हणजे स्क्रोल करायचं! आपण तो शब्द फोनसाठी वापरतो, पण तो आलाय इथूनच, गुंडाळीवरून. पूर्ण चित्र एकाच वेळी भिंतीवर बघायची कल्पनाच नव्हती. एक प्रसंग येणार, थांबणार, जाणार. रीलच म्हणा.

तर स्क्रोल करत गेलं की आधी दिसते फंग नावाची राणी. राजाच्या अंगावर अस्वल धावून येतंय आणि ही मधे उभी राहिलीय. मग दुसरी एक राणी, ती राजासोबत पालखीत बसायला नकार देतेय, कारण राजाचं लक्ष कामावरून उडेल. मग डोंगर, शिकारी. आणि मग अचानक या आरशातल्या बायका. अस्वल, पालखी, डोंगर, आणि मग शांत खोली.

उपदेशाच्या हिशेबाने हा प्रसंग 'असं करू नका' या सदरात मोडतो. बाकीच्या बायका आदर्श, या चुकलेल्या. मग चित्रकाराने यांना कसं काढायला हवं होतं? थोडं थट्टेच्या अंगाने. तोंड वेंगाडून आरशात बघणाऱ्या, पावडर फासलेल्या. आपल्याकडच्या विनोदी नाटकात दाखवतात तसं. पण चित्रात तसं काहीच नाही. चटईवर नीट, ताठ बसलेल्या बायका आहेत. अंगावरच्या वस्त्राच्या घड्या एका संथ रेषेत खाली उतरतात. ही अशी रेषा म्हणजे रेशमाचा किडा धागा सोडतो तशी, असं पुढच्या काळातल्या चिनी जाणकारांनी म्हटलंय. कोणी कोणाशी बोलत नाहीये. सगळ्यांचं लक्ष हातातल्या कामात आहे. मला तर आमच्याकडे कोणी अवघड बग सोडवत असेल तेव्हाची शांतता आठवली.

आणि काम होतंच ते, तेही कौशल्याचं. जमिनीवरचे डबे लाखेचे आहेत. अशा डब्यांचा खरा नमुना आपल्याकडे आहे. १९७२ मध्ये चीनमधल्या मावांगद्वेइ इथे एका सरदाराच्या बायकोची कबर उघडली, या चित्राच्या काळाहून पाच-सहाशे वर्षं जुनी. तिच्यात लाखेचा एक दोन कप्प्यांचा गोल डबा निघाला, आणि त्याच्या आत बरोब्बर बसणारे नऊ छोटे डबे: गोल, चौकोनी, लांबट, नालेच्या आकाराचे. आत पावडर, फणी, असल्या वस्तू. पॅकेजिंग करणाऱ्यांनी फोटो जरूर बघावा, एक मिलिमीटर वाया घालवलेला नाही. पांढरी पावडर तांदळाची असायची, नाहीतर शिशाची. शिशाची करायची रीत म्हणजे शिशाच्या पातळ पट्ट्या व्हिनेगरच्या वाफेवर ठेवायच्या, वर पांढरा थर धरतो तो खरवडायचा. विष आहे ते. गोरं दिसण्यासाठी रोज तोंडाला विष. भुवया उपटून त्यांच्या जागी गडद रंगाने नव्या रेखायच्या, त्याला हात स्थिर लागतो.

आरसा काचेचा नाही, काशाचा. तांबं आणि त्यात साधारण चौथा हिस्सा कथील. कथील इतकं वाढवलं की धातू पांढरट होतो आणि चकचकीत घासता येतो, पण ठिसूळही होतो, पडला की फुटतो. केरळमध्ये आरन्मुळाला याच तत्त्वावरचे धातूचे आरसे अजून बनवतात, किमती बघून फोन खाली ठेवाल. चिनी आरशाच्या पाठीवर मधोमध एक उंचवटा असतो, त्याला आरपार भोक, आणि भोकातून ओवलेली दोरी. हो, रेशमी दोरी. जांग ह्वाच्या दाढीला होती तसलीच.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी तुम्हाला फोन हातात ठेवायला सांगितलं. म्युझियमच्या वेबसाइटवर चित्र उघडा आणि हातात आरसा घेतलेल्या त्या बाईवर झूम करा. ती पाठमोरी आहे. पण आरशात तिचा चेहरा दिसतोय, डोळ्यांसकट.

कॉलेजातलं फिजिक्स आठवा, किंवा राहू द्या, रिक्षा आठवा. तुम्ही मागे बसलाय, आणि पुढच्या छोट्या आरशात तुम्हाला चालकाचे डोळे दिसले, तर समजायचं की त्यालाही तुमचे दिसतायत. प्रकाश ज्या वाटेने येतो त्याच वाटेने उलटा जातो. त्याला दुसरा रस्ता नाही. मग या बाईचे डोळे आरशात आपल्याला दिसत असतील, तर तिला त्या आरशात स्वतःचा चेहरा दिसत नसणार. तिला दिसतोय आपला चेहरा.

युरोपातल्या चित्रांतही हेच सापडतं, आरसा हातात घेतलेल्या व्हीनसच्या चित्रांत. म्हणून या घोटाळ्याला व्हीनस इफेक्ट असं नाव पडलंय. सरळ उत्तर असं, की चित्रकाराला चेहरा दाखवायचा होता, प्रकाशाच्या नियमाशी त्याला देणंघेणं नव्हतं. बहुधा हेच खरं. पण याच चित्रकाराबद्दल एक गोष्ट जुन्या ग्रंथात आहे. माणसाचं चित्र पूर्ण करून हा कधीकधी कित्येक वर्षं डोळ्यांत बुबुळं भरायचा नाही. लोकांनी विचारलं, का? तर त्याचं उत्तर असं होतं, की हातपाय कसेही असले तरी चालतील, माणूस उतरतो तो डोळ्यांत. असा माणूस ज्या बाईला पाठमोरी बसवतो, तिचे डोळे मुद्दाम आरशातून आपल्याकडे वळवतो. बाजूला मजकूर सांगतोय, ही बघा, स्वतःच्या चेहऱ्यात गुंग झालेली बाई. आणि ती तर आपल्याकडे बघतेय. गुंग कोण आहे मग?

चित्रकाराने हे ठरवून केलं असा माझा दावा नाही. पण मी हे एकदा बघितल्यावर मला तो मजकूर पुन्हा सरळ वाचता आलेला नाही.

याच्या पुढचे प्रसंगही बघून टाका. एकात सम्राट पलंगाच्या कडेला बसलाय, आत राणी, आणि तो बसतोय की उठून चाललाय हे कळत नाही. आणखी पुढे एक राणी त्याच्याकडे येतेय आणि तो हात पुढे करून तिला थांबवतोय. चेहरा सजवा, सजवू नका, शेवटी थांबवणारा हात त्याचाच.

चित्र लंडनला कसं गेलं, हे थोडक्यात सांगतो, कारण तो विषय वेगळ्या भागाचा आहे आणि तो करायचाच आहे. अठराव्या शतकात ते चियानलुंग सम्राटाकडे होतं. या सम्राटाला आवडलेल्या चित्रावर शिक्के मारायची भयंकर सवय. चित्रावर जागोजागी लाल शिक्के दिसतील ते बरेचसे याचे, लाइक ठोकत सुटल्यासारखे. १७४६ साली त्याने शेवटी स्वतःच्या हाताने एक ऑर्किडही काढून ठेवलंय. मग १९०० साली बॉक्सर बंड झालं. आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या, शहर लुटलं गेलं. ब्रिटिशांच्या बाजूने गेलेल्या फौजेत बहुसंख्य शिपाई आपले होते, हिंदुस्तानी. त्यातल्या सातव्या राजपूत पलटणीतल्या ठाकूर गदाधर सिंह यांनी 'चीन में तेरह मास' नावाचं हिंदी पुस्तक लिहिलं, १९०२ मध्ये आलं. लूट आणि कत्तल बघून या शिपायाला चिनी लोकांबद्दल जे वाटलं ते त्यात आहे. आणि त्याच मोहिमेत फर्स्ट बेंगॉल लान्सर्स या हिंदुस्तानी घोडदळाचा इंग्रज कॅप्टन क्लॅरेन्स जॉन्सन होता. त्याच्याकडे ही गुंडाळी आली. कशी आली? घरच्यांची कहाणी अशी, की त्याने एका खानदानी बाईला वाचवलं म्हणून तिने भेट दिली. या कहाणीला पुरावा नाही. तो ती म्युझियममध्ये घेऊन गेला, गुंडाळी बांधायच्या जेडच्या खुंटीची किंमत काय येईल हे विचारायला! म्युझियमवाल्यांनी चित्र बघितलं आणि १९०३ मध्ये २५ पौंडांना विकत घेतलं.

नंतर पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला त्यांनी ते कापून सपाट फळ्यांवर चिकटवलं. त्यामुळे हा जगातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध स्क्रोल आता स्क्रोल होत नाही. रेशीम नाजूक, उजेड सोसत नाही, म्हणून वर्षातले काही आठवडेच बाहेर दिसतो.

कू खायजीची एक गोष्ट या ठिकाणी आठवतेच. त्याने आपली आवडती चित्रं पेटीत घालून, पुढून मोहोर लावून एका बड्या सरदाराकडे ठेवायला दिली. सरदाराने मागच्या बाजूने पेटी उघडून चित्रं काढून घेतली आणि मोहोर शाबूत असलेली पेटी परत केली. रिकामी. चित्रकार चिडला नाही. म्हणाला, चित्रं जिवंत झाली आणि उडून गेली, माणसं स्वर्गाला जातात तशी. काहींना यात त्याचा भोळेपणा दिसतो. मला दिसतो समोरच्याचा हुद्दा.

शेवटचं. या भागाची तयारी करताना मी त्या जुन्या सहकारी मैत्रिणीला मेसेज केला. चार वर्षांनी. त्या कॉलवर मी हसलो होतो, तेव्हा सॉरी, असं लिहिलं, आणि खाली या चित्राचा फोटो टाकला. इथे सांगू का, हेही विचारलं, ती हो म्हणाली. सॉरीवर ती काहीच बोलली नाही. निळ्या खुणा आल्या, बराच वेळ काही नाही. मग तिने फोटो क्रॉप करून परत पाठवला. मधल्या दोन्ही बायका कापून टाकल्या होत्या, नुसती मागे उभी असलेली, केस विंचरणारी मुलगी ठेवली होती. आणि खाली लिहिलं होतं, हिला कोणी काही सांगितलं नाही का रे? हिच्याकडे तर आरसाच नाहीये.

मी परत झूम करून बघितलं. खरंच नाहीये.